नऊ पत्ते, राणी नाही आणि ईस्टचा पास

ब्रिजच्या डावात वेस्टने, म्हणजे माझ्या डावीकडच्या विरोधी खेळाडूने, इस्पिकच्या दुसऱ्या फेरीला पंजी टाकली, मी डमीकडे (टेबलावर उघडे मांडलेले पार्टनरचे पत्ते) बघत चारेक सेकंद थांबलो आणि एक्का मागितला. ईस्टने, म्हणजे उजवीकडच्याने, किलवरची तिर्री फेकली, म्हणजे इस्पिकची राणी वेस्टकडे होती. तिथंच चार इस्पिकचा गेम, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा ट्रिक (चार पत्त्यांच्या फेऱ्या) जिंकायची बोली, गेला आणि संध्याकाळी हिशेब जुळवल्यावर कळलं की मॅचही तिथंच गेली होती. हे प्रकरण एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे मी त्या क्षणी काही वेडंवाकडं खेळलो नव्हतो, उलट पाठ असलेला नियम अगदी बरोबर पाळला होता, आणि तरी तो डाव माझ्या उजवीकडे बसलेल्या माणसाच्या एका शब्दावरून मला जिंकता यायला हवा होता.

आधी बसायची व्यवस्था सांगतो. सोलापुरात ब्रिज खेळणारे थोडेच, आमचा ग्रुप दहा-बारा जणांचा. रविवारी रेल्वे लाइन्स भागात एकाच्या घरी जमतो, आठ जण आले की टीम मॅच लावतो, एक टेबल हॉलमध्ये आणि एक मागच्या खोलीत. हॉलमध्ये खेळून झालेला बोर्ड, म्हणजे वाटलेला डाव, जसाच्या तसा आत जातो, म्हणजे आम्ही नॉर्थ-साऊथला जे पत्ते धरले तेच पत्ते आत समोरच्या टीमची जोडी नॉर्थ-साऊथला धरते आणि तिथं ईस्ट-वेस्टला आमची माणसं असतात. नशीब दोन्हीकडे सारखं, फरक फक्त डोक्याचा. मे महिना होता, खिडक्यांना ओली चादर लावलेली, कूलर एवढा मोठ्याने चालू की आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि ते बरंच असतं.

माझे पार्टनर मास्तर, समोर नॉर्थला, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. माझ्या उजवीकडे ईस्टला आण्णा, जुन्या वळणाचे, गेली पाच वर्षं मी त्यांच्याविरुद्ध खेळतोय. आत माझ्याच जागेवर, म्हणजे साऊथला, मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या उजवीकडे ईस्टला आमच्या टीमचे वकीलसाहेब.

दोन्ही बाजू व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही जास्त), डीलर ईस्ट, म्हणजे पहिली बोली त्याची. मला आणि डमीला आलेले पत्ते असे:

नॉर्थ: इस्पिक एक्का १० ७ ४, बदाम ८ ५ २, चौकट गुलाम ८ ३, किलवर राजा राणी गुलाम.
साऊथ: इस्पिक राजा गुलाम ८ ६ ३, बदाम ९ ४, चौकट राजा राणी ६, किलवर एक्का ७ ५.

आण्णा पास म्हणाले. मी एक इस्पिक, वेस्ट पास, मास्तर तीन इस्पिक. आमच्यात तीन इस्पिक म्हणजे चार हुकूम, दहा ते बारा पॉइंट, गेमचं आमंत्रण आहे पण सक्ती नाही. मग आण्णांनी बराच वेळ घेतला आणि पास म्हणाले. (हा वेळ लक्षात ठेवा, त्यावर पुढं बोलायचंय.) आता बोली माझ्यावर.

माझ्याकडे १३ पॉइंट, एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक या नेहमीच्या हिशेबाने. पाच-तीन-तीन-दोन, कुठं एकेरी पत्ता नाही, काही नाही. मास्तरांचे दहा-बारा धरले तर दोघांचे मिळून २३ ते २५. लूझर, म्हणजे हरण्यासारखे पत्ते, मोजून बघितले तर माझे सात होतात: इस्पिकमध्ये दोन, बदामचे दोन, चौकटचा एक, किलवरचे दोन. अशा आमंत्रणाच्या हाताचे साधारण आठ लूझर धरतात. सात आणि आठ पंधरा, २४ मधून १५ गेले की ९ ट्रिक. म्हणजे पॉइंट म्हणतात काठावर आणि लूझर म्हणतात तीनवरच थांब.

पण टीम मॅचमध्ये प्रश्न "गेम होईल का" एवढाच नसतो, "किती वेळा झाला तर परवडतं" हा असतो. समजा आत ते तीनवर थांबले आणि आम्ही चार बोललो. दहा ट्रिक झाल्या तर आम्हाला ६२० आणि त्यांना १७०, फरक ४५० चा, त्याचे १० इम्प (टीम मॅचमध्ये फरक ज्यात बदलतात ते गुण). नऊच झाल्या तर आम्ही १०० देणार आणि ते १४० घेणार, फरक २४०, त्याचे ६ इम्प. सहा गमवायचे किंवा दहा कमवायचे, म्हणजे सोळातले सहा, ३७.५ टक्के. व्हल्नरेबल असताना गेम व्हायची शक्यता चाळीसच्या जवळ असली तरी बोलायचं. १९२५ मध्ये हॅरोल्ड व्हँडरबिल्टने बोटीवर बसून काँट्रॅक्ट ब्रिजची जी स्कोअरिंग बांधली तिचा सगळा कल असाच, जे बोलाल त्याचाच बोनस आणि आमच्या मॅचमध्ये व्हल्नरेबलला गेमचे ५००, त्यामुळं भित्रा माणूस ब्रिजमध्ये हळूहळू हरतो. मी चार बोललो आणि आजही तेच बोलेन. आतही मावशींनी तेच बोललं.

(तीन नो ट्रंपचं, म्हणजे हुकमाशिवायच्या गेमचं, कुणी विचारेल म्हणून: दोघांचेही हात चपटे असले तरी बदामात आमच्याकडे नव्वीच्या वर काही नव्हतं, तिथं तो प्रश्नच नाही.)

वेस्टने बदामची राणी लावली. डमी टेबलवर आली आणि मी मोजलं. हरायचे पत्ते: बदामचे दोन, चौकटचा एक्का एक, हे तीन नक्की. किलवरमध्ये काही जात नाही. जिंकायचे: इस्पिक पाच, चौकट दोन, किलवर तीन, बरोब्बर दहा, पण इस्पिकची राणी पकडली तरच. सगळा डाव एका पत्त्यावर आला.

आणि इथं फिनेस, म्हणजे राणी ज्याच्याकडे वाटते त्याला आधी खेळायला लावून तिला चकवणं, दोन्ही बाजूंनी शक्य आहे. राणी ईस्टकडे वाटली तर आधी डमीचा एक्का वाजवायचा, मग डमीतून लहान पत्ता काढून हातातला गुलाम लावायचा. वेस्टकडे वाटली तर आधी हातातला राजा वाजवायचा आणि मग डमीतल्या दश्शीकडे जायचं. तिसरा रस्ता म्हणजे राजा-एक्का सरळ वाजवायचे आणि राणी पडेल म्हणायचं.

बदामची राणी चालली, मग गुलामही चालला, आण्णांनी त्यावर सत्ती आणि तिर्री टाकली. तिसऱ्यांदा वेस्टने दश्शी लावली, आण्णांना राजा टाकावा लागला आणि मी इस्पिकच्या तिर्रीने मारून घेतला.

आता हातात पत्ते धरून मी काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगतो. मी विचार केला: दोघांत मिळून हुकमाचे नऊ पत्ते आहेत, राणी नाही, आठ असतील तर फिनेस, नऊ असतील तर नाही, राजा-एक्का वाजवायचे. हा नियम ब्रिज शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात सांगतात. मी इस्पिकचा राजा वाजवला, वेस्टची दुर्री, आण्णांची नव्वी. मग छक्की काढली, वेस्टची पंजी. इथं थांबलो. एक्का. आणि आण्णांकडून किलवर.

एक डाऊन, म्हणजे एक ट्रिक कमी, वजा १००.

आत मावशींनी दहा केल्या, ६२०. दोन्ही मिळून ७२० चा फरक, १२ इम्प. मॅच आम्ही ७ इम्पनी हरलो. मी दहा केल्या असत्या तर या बोर्डवर फरक शून्य होता आणि आम्ही पाचने जिंकलो असतो.

आता नियमाबद्दल. बाहेर चार पत्ते असतील तर ते २-२ फुटण्याची शक्यता ४० टक्के, ३-१ ची ५० आणि ४-० ची १०. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की मग तीन-एक जास्त वेळा होतं तर राणी पाडायला का जायचं. पण मी एक्का मागितला त्या क्षणी चारातले तीन पत्ते दिसून गेलेले होते, दुर्री, पंजी आणि नव्वी. उरली फक्त राणी. ती एकतर वेस्टकडे राणी-पंजी-दुर्री अशी आहे किंवा ईस्टकडे राणी-नव्वी अशी आहे. या दोनच ठरावीक वाटण्या, आणि त्यांचं प्रमाण साधारण ४८ ला ५२. म्हणजे ज्या नियमावर मी डोळे मिटून बसलो त्याची सगळी ताकद चार टक्क्यांची आहे. चार टक्के! आणि तेही कुठं, जेव्हा तुम्हाला समोरच्या दोन हातांबद्दल दुसरं काहीही माहीत नाही तेव्हा. मला बरंच माहीत होतं, मी ते वापरलं नाही.

काय माहीत होतं ते बघा. वेस्टने बदामची राणी लावली. ज्याच्याकडे राजा-राणी आहे तो हुकमाच्या डावात राजा लावतो, राणी नाही. ज्याच्याकडे एक्का आहे तो त्याच्या खालून राणी काढत नाही. म्हणजे पहिल्याच पत्त्याला आण्णांकडे बदामचा एक्का-राजा दोन्ही आहेत हे नक्की झालं, सात पॉइंट. आमचे दोघांचे २४, एकूण पत्त्यांत ४०, त्यांच्याकडे १६. त्यात बदाममधले दहा, सात आण्णांकडे आणि राणी-गुलामाचे तीन वेस्टकडे. राहिले सहा, आणि ते सहा म्हणजे दोनच पत्ते: चौकटचा एक्का आणि इस्पिकची राणी. दुसरं काही नाहीच. किलवरचे सगळे ऑनर, म्हणजे मोठे पत्ते, आमच्याकडे होते.

आता आण्णांच्या हातात हे दोन्ही असते तर? सात, चार आणि दोन, तेरा. आण्णा डीलर होते. तेरा पॉइंट हातात घेऊन आण्णा पास म्हणतील? मी त्यांना पाच वर्षं बघतोय, लांब रंग नसेल तर अकरावर ते कधी तोंड उघडत नाहीत आणि तेरा असले तर कधी गप्प बसत नाहीत.

मॅच संपल्यावर सगळे आतल्या खोलीत ताटं घेऊन बसले, कडक भाकरी, दही, शेंगाचटणी, आणि मी मावशींना विचारलं की तुम्ही राणी कशी पकडली. त्यांनी बोट चाटत साधं सांगितलं, "अरे, वकीलसाहेब पास म्हणाले की नाही पहिल्यांदा? मग बदामचे दोन मोठे त्यांच्याकडे दिसले. मी म्हटलं, आता चौकटचा एक्का कुणाकडं आहे ते बघू, मग हुकमाला हात लावू."

त्यांनी बदाम मारून घेतल्यावर लगेच हुकूम काढले नाहीत. हातातून चौकटची छक्की डमीच्या गुलामाकडे नेली. वकीलसाहेबांनी गुलामावर एक्का टाकला. झालं, अकरा पॉइंट उघडे पडले, राणी तिथं असूच शकत नाही. वकीलसाहेबांनी चौकटच परत लावलं, मावशींनी राणीने घेतलं, इस्पिकचा राजा वाजवला आणि मग हातातला गुलाम काढून वेस्टने पंजी टाकल्यावर डमीतून सत्ती. गुलाम चालला, पुढच्या फेरीला एक्क्याखाली राणी पडली. कुठंही अंदाज नाही.

चारही हात असे होते. ईस्ट: इस्पिक ९, बदाम एक्का राजा ७ ३, चौकट एक्का १० ९ ४, किलवर १० ८ ६ ३. वेस्ट: इस्पिक राणी ५ २, बदाम राणी गुलाम १० ६, चौकट ७ ५ २, किलवर ९ ४ २.

माझ्या हॉलमधल्या आण्णांनी शेजारून ऐकलं आणि म्हणाले, "राणी असती तर मी पास म्हणालो असतो होय?" ते काही टोचून बोलले नव्हते, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं की मी हे धरलं नाही. मला ते जास्त लागलं.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे आणि मावशींची चौकटची छक्की फार देखणी आहे. मीही दोन दिवस सगळ्यांना हेच सांगत होतो की आधी चौकट काढायला हवं होतं. मग बुधवारी मास्तरांचा फोन आला. ते म्हणाले, "चौकट राहू दे बाजूला. चौकटला हात न लावताही तू चुकलास. मोजून बघ."

त्यांचं गणित असं. चौकटचा एक्का आणि इस्पिकची राणी, दोन पत्ते, दोन माणसं, चार वाटण्या. दोन्ही ईस्टकडे, दोन्ही वेस्टकडे, एक्का ईस्ट राणी वेस्ट, एक्का वेस्ट राणी ईस्ट. ईस्टच्या पासने यातली पहिली वाटणी पुसून टाकली. राहिल्या तीन. त्या तीनपैकी दोनांत राणी वेस्टकडे आहे! म्हणजे चौकटचा एक्का कुठं आहे हे माहीत नसतानाही राणी वेस्टकडे असण्याची शक्यता जवळजवळ दोनास एक. आता नियमाचे ते ५२-४८ यात मिसळले तर हिशेब थोडा खाली येतो, वेस्टकडे साधारण ६५ टक्के आणि ईस्टकडे ३५. मी ज्या क्षणी एक्का मागितला तेव्हा मी पस्तीस टक्क्यांवर पैसे लावत होतो आणि मला वाटत होतं की मी बावन्नवर लावतोय.

हे ऐकून मी फोन ठेवून कागदावर पुन्हा मांडलं. बरोबर होतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती मला चाळीशीत कळली. एखाद्याकडे दोन गोष्टी एकदम असू शकत नाहीत एवढंच कळलं, तरी त्यातली प्रत्येक एकेक गोष्ट त्याच्याकडे असण्याची शक्यता लगेच कमी होते. कोणती नाही हे कळायची गरज नाही.

मग पुढचा प्रश्न, मावशींच्या चौकटने नेमकं किती वाढवलं? मास्तरांनी तेही काढलं होतं. एक्का ईस्टकडे निघाला तर राणी वेस्टकडे शंभर टक्के. एक्का वेस्टकडे निघाला तर मात्र राणीबद्दल काहीच कळत नाही, तिथं पुन्हा ५२-४८, मग जुना नियम पाळून राजा-एक्का वाजवायचे. सगळं मिळून साधारण ६७-६८ टक्के. म्हणजे ६५ चे ६७-६८ झाले, फायदा दोन-तीन टक्क्यांचा.

आणि त्याची किंमत आहे. हुकूम बाहेर असताना बाजूचा रंग खेळला की कुणीतरी त्यात रफ करू शकतो, म्हणजे हुकमाने मारू शकतो. बाहेर चौकटचे सात पत्ते, ६-१ फुटण्याची शक्यता सुमारे ७ टक्के. एका बाजूला एकेरी चौकट असलं तर एक्का घेऊन परत चौकट आणि रफ, तिथंच डाऊन. मास्तर म्हणाले, दोन-तीन टक्क्यांसाठी सात टक्क्यांचा धोका कशाला?

यावर मी आणि मास्तर भांडलो, चांगलं अर्धा तास. माझं म्हणणं असं की पासचाच तर्क इथंही लावायला पाहिजे. वेस्टकडे एकेरी लहान चौकट म्हणजे ईस्टकडे एक्क्यासकट सहा चौकट, आणि बदामचा एक्का-राजा त्यांच्याकडे आहेच. सहा पत्त्यांचा रंग, तीन मोठे ऑनर, अकरा पॉइंट, असा हात आण्णाही ओपन करतात, म्हणजे पहिली बोली लावतात. म्हणून ती बाजू पुसली. उलट बाजूला, वेस्टकडे एक्क्यासकट सहा चौकट आणि बदामचे राणी-गुलाम-दश्शी असते तर तो एक इस्पिकवर दोन चौकट बोलला असता का? व्हल्नरेबल असताना कदाचित नाही. तेवढा धोका राहतो, पण तो सातचा निम्मासुद्धा नाही. मग ५-२ फूट, तिचं काय? तिथं एक्का पहिल्याच फेरीला घेतला तर रफ द्यायला परत आत यायचा रस्ताच नाही, बदाम संपलेले. एक्का एकदा रोखून धरला तरच धोका, म्हणून गुलाम चालला तर चौकट तिथंच सोडून द्यायचं, दुसऱ्यांदा हात लावायचा नाही, आणि पासष्टवर जाऊन वेस्टवर फिनेस घ्यायचा. हे सगळं धरलं तर फायदा आणि धोका जवळजवळ बरोबरीत सुटतात. मास्तरांनी "जवळजवळ" वर समाधान मानलं नाही, पण फोन ठेवला.

टेबलावर बसून मी कुठलं खेळेन? मावशींचं. कारण साधारण तीनातून एकदा तुम्हाला शंका न राहता उत्तर मिळतं, आणि नक्की माहीत असलं की पुढचे आठ पत्ते माणूस शांत डोक्याने खेळतो. पण ज्याला चौकट काढायची भीती वाटते त्याने सरळ वेस्टवर फिनेस घ्यावा, त्याला मी चूक म्हणणार नाही. चूक फक्त तिसरी, माझी.

आता आण्णांनी घेतलेला वेळ. मास्तरांच्या तीन इस्पिकवर आण्णा आठ-दहा सेकंद थांबले होते. बोलीत थांबणं म्हणजे काहीतरी बोलायचा विचार, आणि तिथं पास झालेल्या माणसाला बोलण्यासारखं एकच, डबल, इस्पिक कमी आणि बाकी तिन्ही रंग आहेत असं सांगणारं. त्यांच्याकडे एक-चार-चार-चार होतं, विचार करायला जागा होतीच. याबद्दल आमच्याकडे बराच गोंधळ आहे म्हणून लिहितो: हे थांबणं त्यांच्या पार्टनरने वापरायचं नाही, ती त्याला मिळायला नको असलेली माहिती आहे. मी, विरोधी बाजूचा, त्यावरून तर्क काढू शकतो, पण माझ्या जबाबदारीवर, चुकला तर तक्रार नाही. मला ते थांबणं दिसलं होतं, मनात नोंदही झाली होती की यांच्याकडे इस्पिक कमी असावं, आणि ईस्टकडे एकेरी इस्पिक म्हणजे वेस्टकडे तीन, म्हणजे राणी वेस्टकडेच असायची शक्यता जास्त. तरीही खेळताना ते काढून बघितलं नाही. पॉइंटचा तर्क आणि वेळेचा तर्क दोन्ही एकाच बोटाने वेस्टकडे दाखवत होते.

आणखी एक बाजू आहे जी मला नंतर, एकट्याने पत्ते मांडून बसलो तेव्हा सुचली, आणि ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहील. हा सगळा तर्क आण्णांसाठी खरा आहे. आमच्याकडे एक तरुण मुलगा येतो, इंजिनियरिंगला आहे, जुळे सोलापूरहून सायकलवर येतो, तो दोन एक्के आणि एक राजा दिसला की अकरावर ओपन करतोच, कुठलाही आकार असो. समजा ईस्टला तो बसला असता आणि पास म्हणाला असता. मग बदामचा एक्का-राजा दिसल्यावर चौकटचा एक्का त्याच्याकडे असूच शकत नाही, नाहीतर तो बोलला असता. म्हणजे चौकटचा एक्का वेस्टकडे. आणि इस्पिकची राणी? ती त्याच्याकडे असली तरी सात आणि दोन नऊच होतात, त्यावर तोही पास म्हणतो. राणीबद्दल त्याचा पास काहीच सांगत नाही! मग मी होतो तिथंच परत, ५२ ला ४८, आणि राजा-एक्का वाजवणं हेच बरोबर. पत्ते तेच, बोली तीच, लीड (पहिला लावलेला पत्ता) तोच, फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला की बरोबर उत्तर उलटं होतं. त्यामुळं ओपनिंग किती पॉइंटवर करता हे मॅचच्या आधी विचारायचा हक्क असतो, तो आता मी वापरतो, ओळखीच्या माणसांनाही विचारतो, त्यांना ते थोडं विचित्र वाटतं.

२०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं तेव्हा आमच्या घरी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुम्ही पत्त्यांत एवढा काय विचार करता. तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता कुणी विचारलं तर मी हाच बोर्ड मांडतो, इस्पिकची राणी बाजूला काढून ठेवतो आणि विचारतो, सांगा कुणाकडे आहे.

मावशी आणि मास्तर यांच्यात एक मुद्दा अजून मिटलेला नाही. मास्तर म्हणतात, चौकट काढायचंच असेल तर हातातून राजा लावायचा, एक्का ज्याच्याकडे असेल तो घेईल आणि उत्तर मिळेल. मावशी म्हणतात, "राजा लावला की दोघंही सावध होतात, एखादा एक्का दाबून ठेवतो आणि कुणी दाबला ते कळत नाही. छक्की गुलामाकडे नेली की वेस्टला डमीच्या आधी खेळावं लागतं, तिथं माणूस सवयीने लहानच टाकतो. गुलाम चालला तर एक्का बहुतेक त्याच्याकडं, आणि ईस्टकडं असेल तर गुलाम सोडून द्यायला छाती लागते." मी गेल्या रविवारी मावशींच्या बाजूने बोललो, मास्तर म्हणाले की पण मग गुलाम चालला की तू डमीत अडकलास, वेस्टवर फिनेस घ्यायला हातात यावं लागेल. मी म्हटलं डमीतून लहान इस्पिक राजाकडे आणलं की हातात आलोच. त्यावर ते म्हणाले, आणि गुलामावर ईस्टनेच एक्का दाबून ठेवला असला तर? आम्ही पत्ते परत वाटून बघत बसलो, ताटं तशीच राहिली होती.